भाऊजी अर्धेच बरोबर आहेत

"ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मोठी लेक गेल्या ऑगस्टमध्ये (२०२५) कॉलेजला गेली. तिच्या बारशाला सासऱ्यांनी दिलेल्या पैशांतून आम्ही तिचं ५२९ खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) उघडलं होतं, पुढे जमेल तसं त्यात टाकत गेलो. फॉल सेमिस्टरचा खर्च असा झाला: ट्यूशन आणि फी ८,५०० डॉलर, हॉस्टेल आणि मेस ७,०००, पुस्तकं ५००. ह्यांनी ऑगस्टमध्ये ५२९ मधून अख्खे १६,००० काढून आपल्या बँकेच्या खात्यात घेतले आणि तिथून सगळं भरलं. जानेवारीच्या शेवटी दोन कागद आले. कॉलेजच्या १०९८-टी वर, म्हणजे भरलेल्या ट्यूशनच्या कागदावर, ८,५०० आहेत. ५२९ च्या १०९९-क्यू वर, म्हणजे काढलेल्या पैशांच्या कागदावर, ह्यांचं नाव आहे आणि पहिल्या चौकटीत १६,०००, दुसरीत ६,४००, तिसरीत ९,६०० असे आकडे आहेत. थोरले भाऊजी म्हणतात, '५२९ वापरलंत ना, मग कॉलेजचं टॅक्स क्रेडिट विसरा.' त्यांचा मुलगा मागच्या मे महिन्यात पदवीधर झाला, त्यांनी एकाही वर्षी घेतलं नाही. ह्यांच्या ऑफिसातला मित्र म्हणतो, 'दोन्ही पूर्ण घ्या, कोण बघतंय?' आमचं दोघांचं उत्पन्न १ लाख ४२ हजार. धाकटा आठवीत आहे. कोणाचं ऐकू? लॅपटॉपचे १,१०० तर आम्ही क्रेडिट कार्डावरच भरले, ते सोडूनच द्या. – एक आई, एडिसन"

ताई, ते अजिबात सोडून देऊ नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य ते शेवटचंच आहे. त्याच्याकडे येतेच, आधी भाऊजी आणि मित्राचं बघू.

भाऊजी म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. कॉलेजच्या ज्या डॉलरवर तुम्ही क्रेडिट घेता, तोच डॉलर ५२९ मधल्या पैशांवरचा कर माफ करून घ्यायला पुन्हा दाखवता येत नाही. एक नारळ फोडून दोन देवांचे नवस फिटत नाहीत, तसंच. पण तुमच्याकडे नारळ एकच कुठे आहे? अख्खं पोतं आहे. ट्यूशन, पुस्तकं, हॉस्टेल, मेस, लॅपटॉप. त्यातले काही एका देवाला, उरलेले दुसऱ्याला. कायद्याची ना याला नाही. मित्र सांगतो तसं पोतं दोन्हीकडे मोजायचं नाही, एवढंच.

आता क्रेडिटबद्दल, कारण 'घेतलं काय, न घेतलं काय' असं वाटण्याइतकी ही रक्कम लहान नाही. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट असं त्याचं लांबलचक नाव. २००९ मध्ये आलं, २०१५ मध्ये कायम झालं. ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तकं-साहित्य यांच्या पहिल्या २,००० डॉलरवर पूर्ण २,०००, पुढच्या २,००० वर पाव हिस्सा म्हणजे ५००. एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त २,५००, आणि त्यासाठी खर्च लागतो फक्त ४,००० चा. हे उत्पन्नातून वजा होत नाही, थेट करातून वजा होतं. कर तेवढा नसेल तर त्यातले १,००० पर्यंत हातातही मिळतात. मुलगी निदान अर्धवेळ पदवीला शिकत असली पाहिजे आणि कॉलेजची पहिली चार वर्षं अजून पूर्ण झालेली नसावीत. एका मुलासाठी चारच करवर्षं हे क्रेडिट मिळतं. हॉस्टेल, मेस, विमा, घरी यायचं-जायचं भाडं यातलं काहीही त्यात धरत नाहीत.

५२९ चा हात मात्र सैल आहे. ट्यूशन, फी, पुस्तकं तर चालतातच, शिवाय मुलगी अर्धवेळ किंवा जास्त शिकत असेल तर राहणं-जेवणही चालतं (कॅम्पसवरच्या हॉस्टेलचं जे प्रत्यक्ष बिल, ते पूर्ण), आणि कॉम्प्युटर-इंटरनेटही. मग कुठला नारळ कुठल्या देवाला हे तुम्हीच ओळखलं असेल. हॉस्टेल-मेस क्रेडिटच्या कामाचं नाही, म्हणून ते ५२९ कडे. ट्यूशनमधले ४,००० क्रेडिटकडे.

आता तुमचा हिशेब कागदावर मांडते. पेन घ्या.

दुसऱ्या चौकटीतले ६,४०० म्हणजे काढलेल्या रकमेतली वाढ, तिसऱ्या चौकटीतले ९,६०० म्हणजे तुमचे मूळ पैसे. काढलेल्या प्रत्येक डॉलरमध्ये साठ सेंट तुम्ही घातलेले आणि चाळीस सेंट त्यावर वाढलेले. (बारशापासूनचं खातं आणि वाढ चाळीसच टक्के, म्हणजे बरेचसे पैसे अलीकडच्या वर्षांत घातलेले दिसतात. असो.) मूळ पैशांवर कर कधीच नाही. प्रश्न येतो तो त्या चाळीस सेंटांचा.

तुमचा मान्य खर्च: ८,५००, ५००, ७,००० आणि ते सोडून दिलेले लॅपटॉपचे १,१००. एकूण १७,१००. यातले ४,००० क्रेडिटसाठी बाजूला काढले की ५२९ साठी उरले १३,१००. तुम्ही काढले होते १६,०००. म्हणजे २,९०० डॉलर उघडे पडले, त्यांच्यावर खर्चाचं पांघरूण नाही. त्या २,९०० मधली वाढ चाळीस टक्क्यांनी १,१६०. एवढीच रक्कम करपात्र. तुमचं उत्पन्न आणि संयुक्त रिटर्नची २०२५ ची ३१,५०० ची प्रमाणित वजावट धरली तर तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहात, म्हणजे केंद्राचा कर साधारण २५५ डॉलर. हाती आलं क्रेडिट २,५००. गेलं २५५. राज्याचा थोडाफार कर धरला तरी दोन हजारांच्या वर फायदा.

लॅपटॉप धरला नसता तर उघडे पडले असते ४,०००, करपात्र १,६०० आणि कर ३५२. क्रेडिट कार्डाची ती पावती तुमचे जवळजवळ शंभर डॉलर वाचवते. खर्च ५२९ च्याच पैशातून व्हायला हवा असं बंधन नाही. तो मुलीच्या शिक्षणाचा, मान्य प्रकारचा आणि त्याच वर्षातला असला की झालं. गंमत म्हणजे हाच लॅपटॉप क्रेडिटसाठी सहज चालत नाही. कॉलेजला तो अभ्यासासाठी सक्तीचा असेल तरच तिथे धरता येतो. म्हणून तो ५२९ च्या बाजूलाच ठेवा.

काही जण विचारतात, क्रेडिट अर्धवटच घेतलं तर? फक्त २,००० चा खर्च बाजूला काढून २,००० चं क्रेडिट घ्यायचं आणि ५२९ वर कमी कर भरायचा? पुढच्या २,००० वर तुम्हाला ५०० मिळतात. त्यांच्यामुळे वाढणारा कर तुमच्या बाबतीत १७६. खात्यातली रक्कम निव्वळ वाढच असती, मूळ पैसे शून्य असते, तरी २२ टक्क्यांनी ४४० च झाले असते. म्हणून तुमच्या टप्प्यातल्या माणसाने अर्धवट घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

दहा टक्के दंडाची भीती भाऊजींच्या मनात असणार. ती सगळ्यांच्याच मनात असते. ५२९ मधून नको त्या कामाला पैसे काढले तर वाढीवर कराशिवाय आणखी दहा टक्के लागतात, हे खरं. पण खर्च क्रेडिटसाठी वापरल्यामुळेच जर रक्कम करपात्र झाली असेल, तर तो दहा टक्क्यांचा भाग कायद्यानेच माफ आहे. तुमचे ते ११६ डॉलर वाचले. फॉर्म ५३२९ मध्ये ही सूट दाखवावी लागते. सॉफ्टवेअर ती आपोआप लावतं का हे डोळ्यांनी तपासा. मी या वर्षातच दोन रिटर्न अशी पाहिली की दंड गुपचूप लागलेला होता.

मित्राचं 'कोण बघतंय' मात्र ऐकू नका. १०९८-टी आणि १०९९-क्यू हे दोन्ही कागद तुमच्याकडे येतात तसेच आयआरएसकडेही, म्हणजे केंद्राच्या कर खात्याकडेही, जातात. नियमांकडे बेपर्वाईने दुर्लक्ष करून हे क्रेडिट घेतलं असं ठरलं तर पुढची दोन वर्षं ते घेता येत नाही. लबाडी ठरली तर दहा वर्षं. तुमचा धाकटा पाच वर्षांत कॉलेजला जाईल. २,२०० डॉलर सरळ मार्गाने मिळत असताना त्याच्या क्रेडिटवर पाणी कशाला सोडायचं?

आता एक गोष्ट, जी यंदा हातातून गेली पण पुढच्या ऑगस्टला कामी येईल. पैसे ह्यांच्या खात्यात आले म्हणून १०९९-क्यू ह्यांच्या नावाने निघाला आणि ते १,१६० तुमच्या रिटर्नमध्ये, शेड्युल १ वर, इतर उत्पन्न म्हणून जातील. तेच पैसे ५२९ मधून थेट कॉलेजला किंवा मुलीच्या खात्यात गेले असते तर कागद तिच्या नावाने आला असता आणि करपात्र रक्कम तिच्या माथी पडली असती. तुमच्यावर अवलंबून असलेल्या मुलीला २०२५ साठी अशा न कमावलेल्या उत्पन्नात निदान १,३५० पर्यंत वजावट आहे. दुसरं काही उत्पन्न नसेल तर १,१६० वर कर शून्य. मुलीचं असं उत्पन्न २,७०० च्या वर गेलं तर मात्र वरच्या रकमेला आईबापांचा दर लागतो, तेव्हा अगदी सगळंच तिच्यावर ढकलून चालत नाही. पण क्रेडिट तुमचं आणि त्यापायी निघालेला किरकोळ कर तिच्या नावावर, हे गणित चांगलं जमतं.

मी हे इतकं ठासून सांगते, कारण मी स्वतः ही चूक करून बसले आहे. माझा थोरला कॉलेजला गेला तेव्हा मी दुसऱ्यांची रिटर्न भरून द्यायला लागून सहा वर्षं झाली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कॉलेजच्या पोर्टलवर बिल आलं, मी ५२९ च्या साइटवर गेले, बिलाचा आकडा सेंटसकट टाकला, 'कॉलेजला पाठवा' दाबलं आणि मोठं काम केल्यासारखा चहा टाकला. एप्रिलमध्ये सॉफ्टवेअरने क्रेडिट शून्य दाखवलं, मी म्हटलं बरोबरच आहे, सगळं ५२९ मधून गेलंय ना! पुढच्या दिवाळीत एका ग्राहकाचं काम करताना आयआरएसचं प्रकाशन ९७० उघडून बसले होते, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कुठला खर्च कुठे मोजायचा हे ठरवायचा अधिकार माझा होता, पैसे कुठल्या खिशातून गेले यावर ते ठरत नव्हतं. १०४०-एक्स भरून सुधारित रिटर्न दिलं आणि दोन हजारांवर रक्कम परत आली. नवऱ्याने मात्र ते अजून सोडलेलं नाही. कुणी पाहुणे आले की सांगतोच.

पुढच्या वर्षांचं म्हणाल तर काम सोपं आहे. जानेवारी ते डिसेंबर असं कॅलेंडर वर्ष धरा, कॉलेजचं वर्ष विसरा. २०२६ मध्ये तुम्ही जानेवारीत स्प्रिंगचं आणि ऑगस्टमध्ये फॉलचं बिल भराल. ट्यूशनमधले ४,००० बँकेच्या खात्यातून भरा, उरलेलं सगळं ५२९ मधून, त्याच वर्षात. मग उघडं काहीच पडत नाही आणि कर शून्य. डिसेंबरात पैसे काढायचे आणि बिल जानेवारीत भरायचं, हे मात्र टाळा. त्यात काढलेली रक्कम एका वर्षात आणि खर्च दुसऱ्या वर्षात पडतो, आणि मग निस्तरत बसावं लागतं.

पदवीची चार वर्षं कॅलेंडरच्या पाच वर्षांत पसरतात हे लक्षात घ्या. लेक २०२९ च्या मे मध्ये बाहेर पडेल. २०२५, २६, २७, २८ अशी चार क्रेडिटं झाली की २०२९ च्या स्प्रिंगसाठी लाइफटाइम लर्निंग क्रेडिट आहे: खर्चाच्या वीस टक्के, जास्तीत जास्त २,०००, परतावा नाही, फक्त करातून वजा. तिथेही तोच नियम, एक डॉलर एकदाच.

यंदा तुम्ही सगळे काढलेत, पण पुढची तीन वर्षं दरवर्षी ४,००० असे १२,००० ५२९ मध्ये मागे राहतील, मग त्यांचं काय? धाकटा आहेच. लाभार्थी म्हणून त्याचं नाव लावता येतं, कर लागत नाही. आणि त्यालाही लागले नाहीत, तर २०२४ पासून अशी सोय झाली आहे की खातं पंधरा वर्षं जुनं असेल तर आयुष्यभरात ३५,००० पर्यंत, वर्षाच्या मर्यादेत थोडे थोडे करून, लाभार्थ्याच्या रॉथ आयआरएमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात, नेता येतात. शेवटच्या पाच वर्षांत घातलेले पैसे त्यात चालत नाहीत. बारशाला उघडलेलं खातं इथे उपयोगी पडतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. संयुक्त रिटर्न भरणाऱ्यांचं उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या वर गेलं की हे क्रेडिट घटू लागतं आणि १ लाख ८० हजारांना संपतं. एकट्याने भरणाऱ्यांना ८० ते ९० हजार. महागाई कितीही वाढली तरी २००९ पासून हे आकडे हललेले नाहीत, आणि आपल्याकडे नवरा-बायको दोघंही आयटीत असले की घर त्यात बसतच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आहे ते आहे. तुम्ही १ लाख ८० च्या बरेच वर असाल तर क्रेडिटचा विचार न करता सगळा खर्च ५२९ मधूनच करा. १ लाख ६५-७० च्या आसपास असाल तर मात्र डिसेंबरच्या आत नोकरीतल्या साध्या ४०१-के निवृत्ती खात्यात जास्त रक्कम टाकून उत्पन्न खाली आणता येतं का पाहा. नवरा-बायकोने वेगवेगळं रिटर्न भरलं तर क्रेडिट मिळतच नाही. आणि एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या मुलांच्या पालकांनो, सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या मुलासाठी यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या रिटर्नपर्यंत आयटिन (फक्त करासाठीचा ओळख क्रमांक) चालतो. २०२६ च्या करवर्षापासून विद्यार्थ्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागणार आहे. पुण्याहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या भाच्याला मात्र हे क्रेडिट सहसा लागू होत नाही, तो करासाठी अनिवासी असतो. त्याच्या नावाने उगाच फॉर्म भरू नका.

ताई, रिटर्न भरायला बसाल तेव्हा हाताशी काय ठेवायचं: कॉलेजच्या पोर्टलवरून उतरवलेलं फॉलचं पूर्ण बिल, पुस्तकांच्या पावत्या आणि लॅपटॉपची पावती. १०९८-टी वर पुस्तकं, हॉस्टेल, लॅपटॉप यातलं काहीच नसतं, त्यामुळे सॉफ्टवेअरला तुमचा मान्य खर्च ८,५०० च वाटतो आणि ते मोठाच्या मोठा कर दाखवून घाबरवतं. बाकीचे आकडे तुम्हीच घालायचे. मग क्रेडिटचा फॉर्म ८८६३ उघडून खर्च ४,००० आणि क्रेडिट २,५०० आहे ना बघा, आणि शेड्युल १ वर १,१६०. यापेक्षा वेगळं दिसलं तर पुढे जाऊ नका, कुठलातरी खर्च राहिलाय. तुमच्या राज्यात ५२९ मध्ये पैसे घालताना सवलत घेतली असेल, तर काही राज्यं करपात्र भागापुरती ती परत मागतात, तेवढं राज्याच्या सूचनांमध्ये तपासून घ्या.

आणि आजच भाऊजींना फोन करा. त्यांचा मुलगा २०२१ च्या ऑगस्टला लागला आणि २०२५ च्या मे मध्ये पदवीधर झाला असेल, तर २०२१ चं क्रेडिट गेलं. पण सुधारित रिटर्नला साधारण तीन वर्षांची मुदत असते. २०२२ ची दारं २०२६ च्या एप्रिलच्या मध्यावर बंद होतात, २०२३ आणि २०२४ अजून उघडी आहेत, आणि २०२५ चं रिटर्न तर त्यांनी भरायचंच असेल. त्या वर्षीच्या जानेवारीत मुलाची चार वर्षं पूर्ण झालेली नव्हती, म्हणून तेही चालतं. उत्पन्न मर्यादेत असेल आणि स्प्रिंगचं बिल २०२५ मध्येच भरलेलं असेल, तर चारही क्रेडिटं त्यांच्या हातची आहेत. ५२९ वरचा थोडा कर वजा जाईल, पण २०२२ चे कागद काढायला त्यांना आज रात्रीच माळ्यावर चढायला सांगा.